दाराकडची बाजू

ताई गेली तेव्हा मला रडू आलं नाही, त्यामुळे लोकांची फार पंचाईत झाली. भेटायला येणारी माणसं चेहरा तयार करून यायची, रुमाल हाताशी ठेवायची, आणि समोर मी, चहाचा ट्रे घेऊन, साखर कमी हवी का ते विचारत. शेजारच्या काकू तर माझा हात धरून बराच वेळ बसल्या. "रड गं, रडून मोकळी हो," म्हणाल्या. मी म्हटलं, "येईल तेव्हा रडेन. तुम्ही बिस्किट घ्या." त्यांनी बिस्किट घेतलं, पण मनातून नाराज झाल्या.

मी काही मोठी खंबीर बाई नाही. मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपल्याच गालाला हात लावला तर तो शेजाऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. जेवत होते, पण काय जेवले ते विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. झोप लागायची, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटायचं नाही. बाकी सगळं ठीक होतं.

आम्ही दोघी बहिणी फळांची झाडं करायचो. लावायचो नाही, रचायचो. हॉलमध्ये मोठं जेवण असलं, कुठल्या ऑफिसचा समारंभ असला, की टेबलाच्या मधोमध ठेवायला ताज्या फळांचं आणि पानांचं झाड लागतं. दीडेक हात उंच, खाली रुंद आणि वर निमुळतं. लाकडी पाटावर मधे सळई ठोकायची, तिच्याभोवती ओलं शेवाळ दाबून बसवायचं, त्यावर तारेची जाळी आवळायची, आणि मग खालून वर फळं काड्यांनी टोचत जायचं. सफरचंदं तळाला, त्यावर संत्री, मग आलुबुखार, लिंबं, आणि शेंड्याला द्राक्षं. मधल्या फटींत पानं. लोक येतात, फोटो काढतात, आणि एखादा आगाऊ पाहुणा नेमकं खालचं सफरचंद ओढतो. मग पुढचं सगळं झाड त्याच्या ताटात.

काम माझ्या खोलीत चालायचं. मी एकटी, लग्नबिग्न केलं नाही, त्यामुळे बाहेरची खोली अख्खी कामाला मोकळी. मधे टेबल. खिडकीला पाठ करून मी बसायची, कारण माझे डोळे आधीपासून अधू आणि मला उजेड लागतो. दाराकडच्या बाजूला ताई, कारण ती थोरली आणि कोण आलं-गेलं ते तिला आधी कळायला हवं. दोघी स्टुलावर, मधे झाड. ताईचे नियम दोन. पहिला, झाड फिरवायचं नाही. फिरवलं की शेवाळ सळईवरून सुटतं आणि तासाभराची मेहनत जमिनीवर घरंगळते. म्हणून अर्धं तिने करायचं, अर्धं मी. दुसरा नियम, डोकावायचं नाही. एकमेकींची बाजू बघितली की आपण नक्कल करतो, मग दोन्ही बाजू मेल्यासारख्या दिसतात, असं तिचं म्हणणं. झाड वर चढत गेलं की पलीकडची दिसेनाशी व्हायची. फक्त आवाज यायचा, आणि जिथे दोघींच्या बाजू भेटतात तिथे तिची बोटं दिसायची. शेवटी एकीने "झालं" म्हणायचं. दुसरीचं "झालं" येईपर्यंत जागा सोडायची नाही. मग दोघींनी उठून जागा बदलायच्या आणि एकमेकींच्या कामाला पोटभर नावं ठेवायची. ताई त्यात फार तयार होती. "हे सफरचंद का रुसलंय? तोंड का फिरवलंय त्याने?" असं काहीतरी.

ताईला एकच मुलगी. आम्ही तिला लवंगी म्हणतो. अंगाने एवढीशी आणि जिभेने मिरची, त्यामुळे दुसरं नाव शोभलंच नसतं. तिचं लग्न ठरलं होतं, तारीख ताईनेच काढलेली. आधी कचेरीत सह्या, संध्याकाळी हॉलवर जेवण. ताई गेल्यावर तारीख पुढे ढकलायची का, यावर घरात कुजबुज झाली. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एरवी कशात बोलत नाहीत. ते म्हणाले, "तिने ठरवलंय, तेव्हाच होईल." विषय संपला.

लवंगी एका दुपारी माझ्याकडे आली. चपला काढल्या नाहीत, तेव्हाच मी समजले.

"मावशी, टेबलावर झाड नको. मी फुलदाणी सांगितलीय."

"फुलदाणी? तुझ्या आईच्या मुलीच्या लग्नात फुलदाणी?"

"आई नाहीये."

"मी आहे ना."

"हो, तू आहेस," ती म्हणाली. "तू अगदी छान आहेस. माणसं येतात, तू चहा करतेस. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू तिचा एप्रन धुऊन वाळत घातलास."

"सोमवार होता. सोमवारी मी धुणं काढते."

"तिचा वास होता गं त्याला!"

होता. संत्र्याच्या सालीचा आणि तिच्या डोकेदुखीच्या बामचा. मला धुताना तो आलाही होता.

"मला एवढंच सांग," लवंगी म्हणाली, "तुला काही वाटतं की नाही?"

पोरीने सरळ विचारलं होतं, म्हणून मी सरळ शोधून पाहिलं. डबा उघडून साखर शिल्लक आहे का बघतो ना, तसं. डबा रिकामा. मग जे खरं होतं ते सांगितलं.

"पाय दुखतात."

तिचा चेहरा असा झाला की मी तिच्या थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"कर झाड. आईने मला कबूल केलं होतं म्हणून. पण उरकून टाकल्यासारखं केलंस ना, तर ते तिथेच टाकून जाईन मी. आणि तुलाही."

ती नुसती धमकी नव्हती. लग्नानंतर ती दूरच्या शहरात राहायला जाणार होती, आणि आमच्या घरातल्या बायकांचा राग मला ठाऊक आहे. आमच्या एका आत्याने एका पळीवरून सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं, ते शेवटपर्यंत. पळी अजून आहे, दोघी गेल्या. लवंगी मनात अढी धरून गेली तर परत येणार नाही. ताईनंतर माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं. हे मला कळत होतं. फक्त जाणवत नव्हतं. हिशोब बरोबर, पण आकडे दुसऱ्याच कुणाचे.

म्हणून मी ठरवलं, झाड असं करायचं की तिला बोट ठेवायला जागा राहू नये.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी फळवाल्याकडे गेले. तो आमच्यासाठी फळं मागे काढून ठेवणारा माणूस. मला पाहून सवयीने म्हणाला, "दोघींचं नेहमीसारखंच ना?" मग त्याने जीभ चावली आणि उगाच तराजू पुसायला लागला.

"नेहमीसारखंच," मी म्हटलं.

त्याने एकेक फळ पारखून दिलं. त्या दिवशी एकही डागी सफरचंद निघालं नाही, आणि त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

घरी येऊन मी कामाला लागले. शेवाळ भिजत घातलं. फळं कोरड्या फडक्याने पुसली. धुवायची नाहीत, पाणी राहिलं की काडीपाशी नासतात. पानं कात्रीने देठाकडून तिरकी कापली. फळं दोन परातींत वाटली. लिंबं माझ्या परातीत, कारण ताईच्या बोटांना सदान्‌कदा कात्री लागलेली असते आणि लिंबाचा रस झोंबतो. त्या बदल्यात आलुबुखार तिला जास्त. सळई ताठ आहे ना ते पाहिलं, जाळी आवळली आणि बसले.

एकदा हात चालू लागले की मला काही विचारू नका. सफरचंदाला काडी खालून वर तिरकी, म्हणजे फळ स्वतःच्या वजनाने आत बसतं. देठ आत, गाल बाहेर. एक झालं की दुसरं त्याला खेटून, पण दाबून नाही. पानाची चकचकीत बाजू बाहेर, देठ फळाच्या मागे. मी सावकाश करत होते. एक संत्रं मनासारखं बसेना तर तीनदा काढलं. मधेच झाड माझ्या अंगावर थोडं कललं, तेव्हा पाटाखाली पुठ्ठा सारला आणि पुढे सुरू केलं. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला गाडी नीट लाव म्हणून ओरडत होतं. मला भूक लागली की नाही ते आठवत नाही. द्राक्षांचा घोस शेंड्याला बांधला, त्याच्या बुडाशी तीन बारीक पानं खोचली, मान मागे घेऊन पाहिलं.

मी आजवर केलेल्या झाडांत ते सगळ्यांत देखणं होतं. उगाच विनय कशाला दाखवू? फटीतून जाळीची एक तार दिसत नव्हती. रंग खालून वर असे चढत गेले होते की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते सांगता येऊ नये.

"झालं," मी म्हटलं.

आणि बसून राहिले. उन्हाची तिरीप टेबलावरून जमिनीवर गेली, जमिनीवरून भिंतीवर. उठून चहा करावा असं मनात आलं, पण उठले नाही. का उठले नाही ते तेव्हा विचारलं असतंत तर पायांचं कारण सांगितलं असतं.

संध्याकाळी जिन्यात लवंगीची पावलं वाजली. झाड रात्रभर हॉलच्या थंड खोलीत ठेवायचं होतं, ते न्यायला ती भाऊजींची गाडी घेऊन आली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं, आणि पावलं तिथेच थांबली. मला झाडामुळे ती दिसत नव्हती.

"मावशी," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"झाड."

"कुठे आहे झाड?"

"डोळ्यांसमोर आहे की. नीट बघ, एक देठ दिसतोय का सांग."

"तू हातसुद्धा लावला नाहीस!" तिचा आवाज चढला. "मला वाटलंच होतं. नको होतं तर नको म्हणायचंस! माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ही थट्टा करतेस?"

मला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, ते हे. "सकाळपासून कंबर मोडून बसलेय मी," मी म्हटलं, "आणि तू दारात उभी राहून म्हणतेस हात लावला नाही? इकडे ये. ये इकडे, आणि दाखव कुठे बोट ठेवायला जागा आहे ते!"

ती ताडताड पावलं टाकत टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. तोंड उघडलेलंच होतं, पुढचं वाक्य तयार असणार. ते आलं नाही. ती झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत झाडाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी जे आलं त्याने मी घाबरले.

"मावशी, तू तिकडे गेलीच नाहीस का?"

"कुठे?"

तिने दाराच्या बाजूला बोट केलं. मी उठले. पाय खरोखरच आखडले होते. टेबलाची कड धरून मी दाराच्या बाजूला गेले, जिथे ताई गेल्यापासून मी एकदाही थांबले नव्हते. केर काढतानाही तिथून झाडू फिरवून पुढे जायचे.

दाराकडून झाड नव्हतंच. उघडी जाळी होती, जाळीतून ओलं शेवाळ दिसत होतं, आणि वर द्राक्षांची पाठ. माझ्या बाजूच्या काड्यांची टोकं इकडे शेवाळातून बाहेर आली होती. समोर टेबलावर ताईची परात. सफरचंदं, संत्री, आलुबुखार, सगळं पुसून, नीट मांडून. पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कात्री तिच्या हाताशी येईल अशी ठेवलेली. परातीत एकही लिंबू नव्हतं.

आणि स्टुलावर तिचा एप्रन, इस्त्री करून, घडी घालून.

लवंगी माझ्या मागोमाग आली होती. तिने घडीवर बोट ठेवलं. "हा इथे कशाला?"

"तिला लागेल ना," मी म्हटलं. "स्वच्छ नसला की चिडते. म्हणून तर धुतला."

बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं. लवंगीलाही आलं. आम्ही दोघी त्या अर्ध्या झाडासमोर उभ्या होतो. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, बहुधा तिच्याच गाडीमागे.

मला वाटलं ती आता माझ्या गळ्यात पडेल, आणि मला ते नको होतं. मला गळ्यात पडलेल्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही. पण ती तिच्या आईची मुलगी. तिने एप्रनची घडी मोडली, तो अंगात चढवला, नाड्या मागे न बांधता पुढे आणून बांधल्या, ताई बांधायची तशा. नाक पुसलं. स्टूल ओढून बसली.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली.

"येणारच."

"जा. तुझ्या जागेवर जाऊन बस."

"अगं, हॉलवाले वाट बघत असतील. आणि उद्या तुझं लग्न आहे, हाताला काड्या लागतील..."

"मावशी, बस."

मी जाऊन बसले. माझी बाजू पूर्ण झालेली, त्यामुळे मला काही काम नव्हतं. मी नुसतीच झाडाकडे तोंड करून बसले. पलीकडे परातीत फळं हलल्याचा आवाज आला. मग काडी मोडल्याचा. मग तोंडातल्या तोंडात एक शिवी, ती मी ऐकली नाही असं धरून चालू.

"काडी कशी घालायची?"

"खालून वर, तिरकी."

"देठ?"

"आत."

"हे पडतंय सारखं."

"मोठं आहे, खाली लाव. खालचं आधी, वरचं मग. घाई कसली आहे?"

"उद्या माझं लग्न आहे," ती म्हणाली.

मला हसू आलं. जरासंच, पण आलं. पाटाखालचा पुठ्ठा मी काढून घेतला, कारण झाड हळूहळू सरळ होत होतं. तिच्याकडे वजन भरत होतं. बऱ्याच वेळाने बाजूच्या कडेला, जिथे दोन्ही बाजू भेटतात, एक पान थरथरलं आणि त्यामागून बोटं आली. लहान, रुंद नखांची. अंगठा काडी लागून लाल झालेला. ती फट चाचपत होती आणि तिला सापडत नव्हती. मी माझ्या बाजूने एक पान खोचून फट बुजवली. बोटं क्षणभर माझ्या बोटांना लागून थांबली आणि परत गेली.

"तू बघतेयस?" तिने विचारलं.

"नाही."

"डोकावायचं नाही हं."

लहानपणी ती टेबलाखाली बसून आमचं ऐकायची. मी तिला हा नियम कधी सांगितला नव्हता.

बाहेर अंधारलं. मी दिवा लावायला उठायला हवं होतं, पण जागा सोडली नाही. खोलीत संत्र्याच्या सालीचा वास भरला होता. एखादं दाबलं असणार तिने, नखाने. परात सरकली. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. स्टूल करकरलं.

"मावशी," पलीकडून ती म्हणाली. "झालं."

दुपारपासून मी त्या जागेवर कशासाठी बसून होते, ते मला तेव्हा कळलं. आता रीतीप्रमाणे उठायचं होतं. जागा बदलायची होती. तिची बाजू बघून नावं ठेवायची होती, आणि ती भरपूर ठेवता आली असती, ते न बघताही सांगते. पण मला उठता येईना. ताई आता कधीच तिकडून "झालं" म्हणणार नाही, हे मला कळत होतं त्याला बरेच दिवस झाले होते. ते माझ्यापर्यंत पोचलं आत्ता. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि रडले. मोठ्याने, ओंगळ, नाक गळेपर्यंत. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल तर बरंच झालं, त्यांना समाधान वाटलं असेल.

मग झाडापलीकडून तिचाही आवाज आला, फुटलेला.

"मावशी, डोकावू का गं?"

"डोकाव," मी म्हटलं.